मागच्या बाजूच्या टाचण्या

आनाक्लेत माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून काळी झिप मागायला लागला, तेव्हा मला वाटलं म्हाताऱ्याच्या पिशवीची झिप गेली असेल. मी बॅगेची लांब झिप काढून दिली. त्याने ती परत माझ्याकडे सरकवली.

"ही नको गे शेवंतबाय. पँटीची दे. लहान."

"कोणाची पँट?"

"माझी."

"शिवणार कोण?"

"मीच."

मी चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "आनाक्लेतबाब, साधं बटण तुटलं तर तुम्ही माझ्याकडे आणून देता. गेल्या फेस्ताला एक स्वतः लावलंत, ते काजांच्या बाजूला."

"ते घाईत झालं."

"आणि पँट सावकाश जमणार?"

एरवी एवढ्यावर तो उलटून दोन शब्द बोलला असता. त्या दिवशी मात्र झिप, हूक आणि काळ्या दोऱ्याचं रीळ उचललं, कागदात गुंडाळून घेतलं, आणि मेणबत्ती मागावी तितक्या सहज म्हणाला, "पुरताना घालायला पाहिजे. मला."

मी सुट्टे पैसे शोधत बसले.

गोव्यात आमच्या सासष्टीत किरिस्तांव पुरुष गेला की सूट घालूनच पेटीत ठेवतात. बहुतेकांचा लग्नातला सूट असतो, ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलेला. आता पंचविशीत शिवलेला सूट सत्तरीत कोणाला होणार आहे? त्यात मुलं सगळी लंडनला नाहीतर कॅनडाला. ती विमानातून उतरेपर्यंत बापाला बर्फात ठेवतात. अंग लाकूड होतं, गुडघा वाकत नाही, कंबर उचलता येत नाही. मग कपडे घालणारे कात्री घेतात, पँट कमरेपासून खालपर्यंत मागून चिरतात, पुढून अंगावर ठेवतात आणि कडा खाली खुपसतात. पुढून बघाल तर साहेब कामाला निघालाय असं वाटावं. मागून तो उघडाच जातो. सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी बोलत नाही.

वाडीत हे काम आनाक्लेत आणि कुस्तोद करायचे. कोणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. आनाक्लेत तरुणपणी तारवावर आचारी होता, तिथे एक-दोघांना समुद्रातच निरोप द्यायची वेळ आली होती, त्यामुळे त्याला मेलेल्या माणसाची भीती नव्हती. कुस्तोदला कशाचीच भीती नव्हती. जन्मभर बिनलग्नाचा, नारळाच्या झाडावर चढणारा गडी. इगर्जीची घंटा वाजली की दोघे हात धुऊन, बाह्या दुमडून त्या घरी हजर. काम झालं की एकेक पेला फेणी पोटात आणि दोघे बरोबर घरी. वाटेत मेलेल्याची टिंगलसुद्धा करायचे मेले. मी कितीदा ऐकलीय.

मग कुस्तोदचा भाऊ जेरोम गेला. तो बोटीवर मोठा हुद्देदार होता, कुठल्याशा परदेशी बंदरातून शिवून आणलेला त्याचा सूट म्हणजे वाडीतलं एक प्रस्थ. मुलगा कॅनडाहून यायला वेळ लागला, जेरोम बर्फात पडून राहिला. पँट कमरेवर येईना. कुस्तोद मेणबत्त्या आणायला माझ्याच दुकानात आला होता. तेवढ्या वेळात आनाक्लेतने नेहमीसारखी कात्री चालवली. कुस्तोद परत गेला, भावाला कुशीवर वळवून बघितलं आणि चिरलेल्या शिवणीत बोट घातलं. आत दोन बोटं माया होती. चांगल्या शिंप्याने पुढेमागे पँट सैल करता यावी म्हणून ठेवलेली.

"उसवलं असतंस तर झाली असती," कुस्तोद म्हणाला. "कापायची गरजच नव्हती रे."

आनाक्लेत म्हणाला, "मागचं कोण बघतं?"

झालं. त्या दिवसापासून कुस्तोद त्याच्याशी बोलला नाही. समोरासमोर घरं, मध्ये जेमतेम बैलगाडीची वाट. एक बलकांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, येऊन बसला की दुसरा उठून आत जायचा. किती वर्षं चाललं ते मी मोजलं नाही, पण त्या काळात आमच्या वाडीतली निम्मी घरं कुलपात गेली.

एर्मेलिन होती तोवर आनाक्लेतला या अबोल्याचं फारसं काही वाटलं नसावं. एर्मेलिन म्हणजे त्याची बायको. सगळ्या वाडीच्या पोरींचे फ्रॉक तिने शिवले आणि नवऱ्याच्या झाडून सगळ्या पँटी. या माणसाचं अंग म्हणजे देवाने उरल्यासुरल्या सामानातून केलेलं. कलिंगडासारखं पोट, त्याखाली बगळ्याचे पाय, आणि मागे बघाल तर काहीच नाही, सपाट भिंत. पण तिच्या पँटीत तो रुबाबदार दिसायचा. लोक म्हणायचे, आनाक्लेत काय ताठ चालतो. डोंबल ताठ चालतो. शिवणारीचे हात तसे होते.

ती गेली. मुलगा लिनू इंग्लंडात, तो येऊन मातीला हजर राहिला आणि परत गेला. शिवणाच्या मशीनवर तिने विणलेलं पांढरं आच्छादन होतं, ते तसंच राहिलं. आनाक्लेत मडगावला एका शिंप्याकडे गेला, त्याने पोटाच्या मापाची पँट शिवली, ती मागे परकरासारखी झुलायला लागली. दुसऱ्याने सांगितलं, अंकल, आता कोण शिवतं, रेडिमेड घ्या. शिवाय शिंप्यापुढे उभं राहून कसं सांगणार, की बाबा, ही मला मातीत न्यायची आहे, माया जरा जास्त ठेव?

हे सगळं त्याने मला नंतर सांगितलं. आधी दिसलं ते एवढंच, की त्याच्या बलकांवावर मशीन बाहेर आलंय. आतल्या उजेडात त्याला सुईचं भोक दिसत नव्हतं. एर्मेलिनची एक जुनी चादर त्याने फाडली आणि त्याची नमुन्याची पँट केली. घरातली शेवटची चांगली पँट उसवून तिचे तुकडे चादरीवर ठेवले, खडूने आखले, कापले. इथवर ठीक होतं. माझ्या मनात आलं, तारवावर मासे साफ केलेत, कापायला काय येत नाही. पण पहिली जोडली तेव्हा दोन्ही पाय एकाच बाजूचे. दुसरीचं आसन इतकं आखूड, की तो खुर्चीवर बसला आणि टर्रकन आवाज इथे दुकानापर्यंत आला.

मी हसले. त्याने ऐकलंही असेल. तो चादर उचलून आत गेला आणि दुसरी घेऊन बाहेर आला.

मग एकदा मी मीठ द्यायला गेले तेव्हा तो कपाटाच्या आरशापुढे चादरीच्या पँटीत उभा होता. पुढून बरी दिसत होती, खरंच बरी. कमरेत बसली होती, पोटाखाली चुणी नव्हती. पण मागे झोळ. हा एवढा, पावाचे दोन उंडे मावतील असा.

"मागे बघितलंत का?" मी विचारलं.

"तेच तर. बघायला वळलो की कापड वळतं. वळलं की झोळ दिसत नाही. सरळ उभा राहिलो की मागचं दिसत नाही." त्याने हातातली टाचणी मला दाखवली. "आणि ही लावायला हात मागे नेला की पँट वर चढते. खालची दुमड तर विचारूच नको. खूण करायला वाकलो की पाय आखूड, उभा राहिलो की लांब. एर्मेलिन खाली बसायची. मी नुसता उभा असायचो. माझा एवढाच उपयोग."

हे सांगताना तो हसत होता. माझाही नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पाठीला बाम लावताना हात जिथे पोचत नाही ती जागा मलाही माहीत आहे.

लिनूचा रविवारी व्हिडिओ कॉल येतो. त्या रविवारी आनाक्लेतने फोन फळीवर सांतांतोनच्या मूर्तीला टेकवून ठेवला आणि पाठ करून उभा राहिला. मी त्याच्या बलकांवावरच होते, सगळं ऐकू येत होतं.

"बघ, मागे कुठे सैल आहे?"

"पप्पा, काय घातलंय हे? चादर?"

"ते सोड. आसनाखाली झोळ आहे की कमरेखाली?"

"पप्पा, मला काही कळत नाही. ठीक दिसतंय."

"नीट बघ रे. डावीकडे किती चिमटीत धरू?"

"पप्पा, साइज सांगा, मी ऑनलाइन मागवतो. परवा घरी येईल. हे काय चालवलंय या वयात? हॅलो? ऐकू येतंय का? माझी शिफ्ट आहे, निघतो, हां. जेवा वेळेवर."

कॉल बंद झाला. आनाक्लेत तसाच फळीकडे पाठ करून उभा होता. शेवटचं त्याला नीट ऐकू गेलं नसावं, त्याला वाटलं लिनू अजून बघतोय. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "दिसलं का?"

मी बाहेरूनच म्हटलं, "गेला तो."

त्या पोराला दोष द्यायला माझी जीभ शिवशिवते, पण तो तिथे गोदामात उभ्याने राबतो, आणि बाप ही पँट कशासाठी शिवतोय हे बापाने त्याला सांगितलंच नव्हतं. कसं सांगणार? तूच वेळेत पोचणार नाहीस म्हणून शिवतोय, असं?

तर त्या दिवशी माझा ताबा सुटला. आनाक्लेतने हाक मारून पुन्हा विचारलं, "शेवंतबाय, तूच सांग, कशी दिसते मागून?" तेव्हा मी स्पष्ट सांगितलं.

"वाईट दिसते. लहान पोराने चड्डीत घाण केल्यासारखी."

"तेवढं असू दे. पेटीत मागचं कोण बघतं?"

"मग एवढा खटाटोप कशाला? रेडिमेड आणा, आणि वेळ आली की कोणीतरी कात्री लावेल. तुम्ही लावलीत तशी."

बोलून गेले. त्याचा चेहरा पडला. खुर्चीवर बसला, आणि म्हणाला, "मी किती जणांना चिरून पाठवलं गे. त्या वेळी काही वाटलं नाही. आता आडवा झालो की पाठीला कात्री लागते. थंड."

"मग मागे टाचण्या लावायला माणूस आणा."

"आहे कोण? मार्तिन्सांचं घर बंद. बार्रेतांचं बंद. कुठून आणू माणूस?"

मी समोरच्या कुस्तोदच्या घराकडे बघितलं. त्यानेही बघितलं. पावलांचा आवाज होऊन तिथलं दार आतून लागलं.

"तो यायचा नाही," आनाक्लेत म्हणाला.

"तुम्ही बोलावलंत कधी?"

त्यावर त्याला राग आला. मी तशीच घरी आले.

खोटं कशाला बोलू, पुढचं मीच केलं. दुसऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसायची मला सवय आहे, आमच्याकडे तेवढीच करमणूक उरली आहे. कुस्तोद विड्या घ्यायला आला तेव्हा मी विडी हातात धरून ठेवली.

"आनाक्लेतबाब पुरायची पँट शिवतोय."

"शिवू दे."

"मागच्या शिवणीत तीन बोटं माया ठेवणार आहे. म्हणाला, जो कोणी मला कपडे घालेल त्याला उसवता यायला पाहिजे."

कुस्तोदने विडी घेतली, पेटवली नाही. आता आमच्या वाडीत पुरुषाला कपडे घालणारं त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. एक गेला तर काम दुसऱ्याचंच. हे त्यालाही कळत होतं, मला सांगायची गरज नव्हती.

दोन दिवस काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव टाकून गेला आणि बघते तर कुस्तोद वाट ओलांडून आनाक्लेतच्या पायऱ्या चढतोय. हातात काही नाही, अंगात बनियन. आनाक्लेत मशीनवर होता. या वेळी चादर नव्हती, खरं काळं कापड, मडगावहून आणलेलं. तो उठून उभा राहिला. पँट अंगावरच होती, कच्चा धावदोरा घातलेली.

कुस्तोदने टाचण्यांची डबी उचलली, पाचसहा टाचण्या ओठांत धरल्या आणि त्याच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसला. ओठांत टाचण्या, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला. मी हातातला झाडू तसाच धरून बघत राहिले. बराच वेळ चिमटीत धरून, सोडून, परत धरून त्याची बोटं चाललेली. नारळाच्या झाडावर चढणाऱ्याची बोटं, जाडजूड, पण कापड हलकं धरत होती. मग त्याने टाचण्या तोंडातून काढल्या.

"पोट सोड," तो म्हणाला.

"सोडलंय."

"नाही सोडलंस. आत ओढून उभा आहेस. म्हणून मागे झोळ येतो. मेल्यावर आत ओढणार आहेस?"

आनाक्लेतने श्वास सोडला. पोट हे एवढं पुढे आलं, आणि मागचं कापड सरळ पाठीला बसलं. इतके दिवस तो आरशापुढे रुबाबात, पोट ओढून माप घेत होता, आणि त्याला सांगायला कोणी नव्हतं. एर्मेलिन म्हणे बोट टोचून सोडायला लावायची. त्याला ते आठवलंच नव्हतं.

त्यानंतर ते दोघे बोलायला लागले असं म्हणवत नाही. बोलायचे ते पँटीबद्दलच. गुडघ्यात जरा घे. पायाची मोहरी इंग्रजासारखी करू नको. पण सकाळी पोदेर गेला की कुस्तोद इकडे यायचा, पावाचा तुकडा काळ्या चहात बुडवून खायचा आणि शिवण बघायचा. पँट पुरी झाली त्या दिवशी आनाक्लेत ती घालून माझ्या दुकानापर्यंत चालत आला, वळून उभा राहिला आणि विचारलं, "आता?" मी म्हटलं, आता लग्न लावायला हरकत नाही. मागे एक सुरकुती नव्हती.

कुस्तोदने मागची शिवण उलटी करून बघितली. "तीन बोटं?"

"तीन. तू उसव, कापू नको."

"आणि मी आधी गेलो तर?"

"तुला काय, तुझ्याकडे सूटच नाही. तुला झावळीत गुंडाळतो."

दोघे हसले. पूर्वी पेला पिऊन परत येताना हसायचे तसे. पँट इस्त्री करून आनाक्लेतने एर्मेलिनच्या ट्रंकेत ठेवली.

काजूचा हंगाम संपत आला होता तेव्हा कुस्तोद गेला. दुपारी झोपला तो उठलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव दारात तसाच दिसला म्हणून आनाक्लेत बघायला गेला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "शेवंतबाय, घंटा सांगायला कोणाला तरी पाठव." एवढंच. मग पायरीवर बसून राहिला.

जेरोमचा मुलगा कॅनडाहून येईपर्यंत कुस्तोदला बर्फात ठेवलं. भाची फिलू वास्कोहून आली, येताना रेडिमेड पँट आणि कोट घेऊन आली. तिचा काही दोष नाही, तिने अंदाजाने आणली. पँट मांडीच्या वर जाईना. घरात माणसं जमली, म्हणजे आठदहा, त्यातली निम्मी बाहेरगावची. पाद्री येऊन थांबले होते. फिलू दाराशी येऊन म्हणाली, "अंकल, मागून कापा. सगळे तसंच करतात ना?"

आनाक्लेत आतल्या खोलीतून बाहेर आला. हातात कात्री होती, कोणीतरी दिलेली. ती त्याने खिडकीत ठेवली.

"थांबा जरा," तो म्हणाला आणि वाट ओलांडून आपल्या घरी गेला.

परत आला तेव्हा त्याच्या हातावर काळी पँट होती, घडी न मोडलेली.

मी म्हटलं, "आनाक्लेतबाब, ती तुमची आहे."

"त्याला मागे माझ्यापेक्षा तीन बोटं जास्त लागतात," तो म्हणाला. "तेवढीच आहेत. सुई ओवून दे. माझे डोळे चालत नाहीत."

बाईमाणसाने आत जायची रीत नाही. मी दाराबाहेर स्टुलावर बसले आणि एकामागून एक सुया ओवून दाराच्या फटीतून आत देत राहिले. आत तो मागची शिवण उसवत होता. दोरा तुटल्याचा बारीक आवाज येत होता. पायाची दुमडही सोडली असणार, कुस्तोद उंच होता. पाद्री घड्याळ बघत होते, जेरोमचा मुलगा फोनवर कोणाला तरी उशीर होईल म्हणून सांगत होता. आनाक्लेतने कोणाला आत येऊ दिलं नाही. एकट्याने त्याला कसं उचललं असेल, देव जाणे.

मग मी दाराला कान लावला. आत आनाक्लेत हळू आवाजात बोलत होता, पहाटे पोदेराशी बोलतात तसं, कोणी जागं होऊ नये म्हणून.

"पोट सोड रे," तो म्हणत होता. "सोड आता. इथे कोण बघतंय?"

माझ्या हातातली सुई पडली. ती शोधायच्या निमित्ताने मी खाली वाकले आणि तिथेच तोंडात पदर कोंबून रडले. आता लपवून काय करू.

कुस्तोद अखंड कपड्यात गेला. पुढून, मागून, सगळीकडून. शिवणीत माया एक कणभरही उरली नव्हती. आनाक्लेत पेटीच्या एका बाजूला लागला होता, दुसऱ्या बाजूला खांदा द्यायला बाहेरगावचा कोणीतरी. फिलूने परत जाताना कुस्तोदच्या घराला कुलूप लावलं आणि चावी माझ्याकडे ठेवली. माझ्या खिळ्याला आता अशा चाव्यांचा घोस झाला आहे.

पुढे पावसाचे महिने गेले. पोदेर आनाक्लेतच्या दारात पाव टाकायचा, तो उशिरा उचलला जायचा. मशीन आत गेलं. मी कधी कढी पाठवली तर वाटी धुऊन पायरीवर ठेवलेली मिळायची, माणूस दिसायचा नाही. रविवारी फोन वाजायचा, तेवढाच त्या घरात आवाज.

मग एक दिवस, ऊन पडलं होतं, तो पायरीवर येऊन उभा राहिला.

"काळी झिप दे. लहान."

मी दिली. हूक दिला, रीळ दिलं. मागितलं नव्हतं तरी टाचण्यांची नवी डबी काढून ठेवली. जुनी कुस्तोदच्या घरात राहिली होती, कुलपाच्या आत.

"टाचण्या नकोत," तो म्हणाला. "पुढून नीट करतो. मागचं राहू दे आता."

"का राहू दे?"

"लावणार कोण?"

"मी लावते."

त्याने माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, एवढा म्हातारा झाला तरी लाजला.

"काहीतरीच काय. तू हिंदू बाईमाणूस, विधवा. बलकांवावर माझ्या मागे बसून... लोक काय म्हणतील, शेवंतबाय?"

"लोक आहेत कुठे?" मी म्हटलं.

त्याने मान वळवून वाटेकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मार्तिन्सांच्या दारावर वेल चढला होता. मग त्याने डबी उचलून खिशात टाकली.

आठवड्याभराने त्याने बोलावलं. भर दुपारी मी दुकान तसंच उघडं टाकून गेले, चोरायला तरी कोण येणार होतं. बलकांवावर तो पाठमोरा उभा होता, अंगात कच्ची शिवलेली काळी पँट. मी मागे गुडघे टेकून बसले. गुडघे करकरले. एकेक टाचणी ओठांत धरली आणि झोळ चिमटीत घेतला. तो पोट आत ओढून उभा होता, मला मागूनसुद्धा कळत होतं. सांगणार होते. तेवढ्यात त्याचं त्यानेच सोडलं, आणि कापड सरळ झालं.

दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या, खालची दुमड खडूने आखली, पुन्हा एकदा तपासली. काम मुद्दाम सावकाश केलं. तेवढ्या सगळ्या वेळात वाटेवरून कोणीही गेलं नाही.